उजव्या पायाची पावलं

गौर घरात आली त्या दिवशी आमच्या फरशीवर पावलं जास्त निघाली. मी सांगते ते भुताखेताचं नाही. पण तेव्हा मला काहीतरी तसलंच वाटलं होतं, आणि वाटल्यावर मी शहाण्यासारखे हात जोडले होते. मूर्ख कुठली!

लालबागच्या चाळीत आम्ही दोघीच राहतो, आई आणि मी. मी दादरला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. लग्न केलं नाही, त्यामुळे पंचेचाळिशीतही कुमारिका म्हणून गौर आणायचा मान माझाच. आमची तेरड्याची गौर, कोकणातल्या बऱ्याच घरांत असते तशी. मूठ ओल्या कुंकवात बुडवून मी उंबऱ्यापासून मखरापर्यंत पावलं उठवली, प्रत्येकावर बोटांचे पाच ठिपके काढले आणि गौर बसवून फुलं आणायला बाहेर गेले.

दुपारी शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या आणि दारातच थबकल्या. माझी पावलं मखरापाशी संपत होती. तिथून पुढं आणखी लाल पावलं गेली होती, मखरापासून ओट्याकडे आणि ओट्यापासून मोरीकडे. मोठ्या माणसाची होती, आणि सगळी उजव्या पायाची. डावं एकही नव्हतं.

"अगं बाई, गौर फिरली की गं तुमच्या घरात!" काकूंनी पदर डोक्यावरून घेतला.

आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून नैवेद्याची घावनं घालत होती. वळलीसुद्धा नाही. "तिचाच घर, फिरतली नाय तर काय!"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भीती वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही खरं. मी बजावलं, "कोणी पुसायचं नाही हां."

असा विश्वास माझा एका दिवसात बसला नव्हता. आईला साखर बरीच वर्षं होती. गोळ्या घ्यायची, पण सणाला पाच मोदक हाणून दुसऱ्या दिवशी मेथीचं पाणी प्यायली की तिच्या मते झालं सगळं. मग पायांची आग सुरू झाली. तळव्यांना निखारे बांधल्यासारखं होतं म्हणायची. पायांवरची चादर सरकली तरी कळवळायची. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणे, गोळ्या खाऊन माझ्या पोटाचं दुकान झालंय, आणखी नकोत. त्यापेक्षा तिनं प्रभादेवीच्या गणपतीला नवस केला. आग जाईपर्यंत दर मंगळवारी घरापासून देवळापर्यंत अनवाणी यायचं.

दोन वर्षं ती तशी चालली. ती पुढं, मी तिच्या चपला हातात घेऊन मागं. सुरुवातीला वाटेत रडायची. हळूहळू रडणं कमी झालं. आणि एका वैशाखातल्या मंगळवारी, भर बाराच्या उन्हात, परळच्या नाक्यावर ती थांबली.

"आग गेली गो," ती म्हणाली. "गणपतीन ऐकल्यान माजा."

डांबर मऊ झालं होतं. मला चपलेतून चटका बसत होता. ती त्याच डांबरावर दोन्ही तळवे टेकून उभी होती आणि लहान मुलीसारखी हसत होती. खरं सांगते, तेव्हाही मी तिच्या पायांकडे दोनदा पाहिलं होतं. पण देवाच्या दारात शंका कशाला? मी मजल्यावर पेढे वाटले.

खुणा काय कमी होत्या? त्यानंतर एकदा मसाल्याच्या दुकानांपाशी तिची चप्पल पायातून निसटून मागं राहिली आणि ती तशीच चालत गेली, चांगली वीस-पंचवीस पावलं. मी चप्पल नेऊन दिली, तर तिनं ती दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी उलटसुलट करून पाहिली. "म्हातारी झालीस गं," मी म्हटलं आणि दोघी हसलो. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं की असंच हसू येतं.

दुसऱ्या दिवशी, गौरीपूजनाच्या सकाळी मोरीच्या तोंडाशी पाणी सांडलं म्हणून मी तेवढीच फरशी पुसली होती. दुपारी तिथं पुन्हा पाऊल उमटलेलं. उजवंच, आणि ओलं. घरात आई आणि मी सोडून कोणी नव्हतं. मी खाली बसले, बोट लावलं, नाकाशी नेलं. कुंकवाचा वास मला ठाऊक आहे. हा तो नव्हता. तशीच रांगत त्या पावलांमागून गेले, आणि पावलं आईच्या लुगड्याच्या काठापाशी येऊन थांबली.

"आई, पाय वर कर."

"कशाक?"

"कर म्हणते ना!"

तिनं ओट्याला धरून उजवा पाय उचलला. अंगठ्याच्या खाली मखराचा एक खिळा डोक्यापर्यंत रुतला होता. भोवतालचं मांस पांढरं पडलं होतं. त्याच पायानं ती निदान आदल्या दिवसापासून उभी होती, वाकत होती, घावनं उलटत होती.

"दुखत नाही तुला?" मी ओरडलेच.

"खय?" ती म्हणाली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. "मी पायाला हात लावेन. कळलं की हो म्हणा, काकू." ते बारीक तारेनं तळव्याला जागोजागी स्पर्श करत गेले. आई गप्प. मग ते तार खाली ठेवून काही लिहू लागले, आणि आई म्हणाली, "हो." जरा थांबून पुन्हा, "हो." तिच्या पायांजवळ कोणीही नव्हतं.

डॉक्टर तरुण होते, पण बोलणं सरळ. "साखर नसांना हळूहळू खाते. आग होते तोवर नस जिवंत असते, काकू. आग थांबली म्हणजे बरं झालं असं नाही, नस मेली. पू हाडापर्यंत गेलाय. अंगठा जाईल. पाय राहतो का ते बघू."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "मग गणपतीन काय केल्यान?"

तिच्या चपला हातात घेऊन दोन वर्षं मागं चालले होते मी. लाज वाटली, अजून वाटते.

अंगठा गेला. पुढचे दिवस जखम काळी पडते का, एवढंच बघत काढले. शेवटी डॉक्टर म्हणाले, पाय वाचला. मी वॉर्डच्या पॅसेजमध्ये जाऊन पोटभर रडले.

घरी आणल्यावर चौथ्या दिवशी दुपारी तिनं हाक मारली. भात टाकून आले. उशीला टेकून ती पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा उजळला होता.

"अंगठो जळता गो माजो."

"आई, अंगठा..."

"जळता. पयल्यासारखो." तिनं माझं मनगट धरलं. "जळता म्हणजे नस जिती आसा ना? डॉक्टरच म्हणालो."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"फुंकर घाल जरा."

मी वाकले आणि पट्टीच्या पुढं, नुसत्या चादरीवर फुंकर घातली.

"थय नाय," ती म्हणाली. "जरा वर."

मी जरा वर घातली.