गाडीचं पाणी

काल अंबडच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि तापलेल्या रेडिएटरचा गंजट, ओलसर वास आला. क्षणात मी सापुताऱ्याच्या घाटात होते, दहा वर्षांची.

अण्णांची जुनी गाडी चढावर हमखास तापायची. म्हणून सहलीला निघताना आई पाण्याचे दोन कॅन भरायची, एक आमचा, एक गाडीचा. त्या दिवशी वणीला थांबलो तेव्हा मी चिखलाने भरलेले पाय धुण्यात गाडीचा कॅन संपवून टाकला. ते कळलं थेट अर्ध्या घाटात, वाफ निघाल्यावर. इंजिन निवल्यावर अण्णांनी आमच्या कॅनमधून मला ग्लासभर पाणी दिलं आणि उरलेलं सगळं रेडिएटरमध्ये ओतलं.

"अहो, घोटभर तरी घ्या," आई म्हणाली.

"वर गेल्यावर पिऊ की," म्हणत ते कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत हसले. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

पुढे शेवटच्या दिवसांत अण्णांच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी पाणी अगदी मोजून द्यायला सांगितलं होतं.

"घोटभर दे ना गं," ते म्हणायचे.

आणि मी ग्लास त्यांचा हात पोचणार नाही असा लांब ठेवायचे.