दोन जिवांची गाडी

सुपडूभाऊ गेल्याची बातमी मला आंतरदेशीय पत्रातून कळली, तीही तेराव्यानंतर. पत्र चोपड्याहून आलं होतं, त्यांच्या मुलाच्या अक्षरात. दुपारची पाळी संपवून धुळ्यातल्या देवपूरच्या घरी आले, तर ते दारात पडलेलं. ‘नाना गेले. तुमची आठवण काढत होते.’ एवढंच. मी चपला न काढता तशीच पायरीवर बसले. रडू आलं नाही. आधी स्वतःचा राग आला, कारण या माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला मी दहा वर्षं सवड काढली नव्हती...

मी तेव्हा चोपड्याच्या एका प्रसूतिगृहात नर्स होते आणि सुपडूभाऊ तिथल्या गाडीचे ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे मिस्त्रीही तेच. गाडी मोठी अजब होती. कुठल्याशा थंड हवेच्या गावाहून लिलावात आलेली, मूळची पेट्रोलची. पेट्रोल फार पिते म्हणून भाऊंनी तिच्यात दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलं होतं. अंग एकीचं, काळीज दुसरीचं. भाऊ तिला ‘दोन जिवांची’ म्हणत आणि बाळंतपणाला येणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत. त्या गाडीला हीटरही होता. खानदेशात हीटर! एप्रिल-मे महिन्यात जिथे दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो, तिथे हे असलं यंत्र म्हणजे चेष्टेचाच विषय. पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी तो काढू दिला नव्हता. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याकडून वारा सुटला की इथेही हाडं गोठतात, आणि अपुऱ्या दिवसांचं मूल जळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर तासा-दीड तासाच्या रस्त्यात त्याला ऊब लागते. दोन हिवाळे त्या हीटरने चोख काम केलं.

तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी सातव्या महिन्यातली मुलगी जन्मली. ओंजळीएवढी. आईला हलवण्यासारखं नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाई तिच्यापाशी थांबल्या आणि कापसात गुंडाळलेली मुलगी घेऊन मी गाडीत बसले. गरम पाण्याच्या दोन पिशव्या घ्यायचा आमचा रिवाज होता. मी एकच घेतली. हीटर आहे की, असं वाटलं. गाव मागे पडलं तरी हीटरच्या जाळीतून गारच वारा येत राहिला. मी ओरडले, तशी भाऊंनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. हीटरचा कॉक पूर्ण उघडा होता. पंखा फिरत होता. नळीत हवा अडकली असेल म्हणून तीही सोडून पाहिली. मग त्यांनी रेडिएटरच्या नळीवर हात ठेवला आणि तिथेच थांबले. मला काचेतून त्यांचं तोंड दिसत होतं. खिडकीशी येऊन ते हळूच म्हणाले, “सिस्टर, इंजिनच तपस नही. तो व्हॉल मीच काढी टाका व्हता.”

हा व्हॉल म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी एक चिमुकली झडप. आमच्याकडचा कुठलाही मिस्त्री उन्हाळा लागला की आधी ती काढून फेकून देतो. गाड्या उकळतात, पाणी मोकळं खेळू द्या, असं सगळ्यांचंच शास्त्र. भाऊंनीही चैत्रात तेच केलं होतं आणि ते विसरून गेले होते. आता पौषातल्या वाऱ्यात ते मोकळं पाणी तापायचं नावच घेत नव्हतं. भाऊंनी अंगावरची घोंगडी काढली, रेडिएटरच्या तोंडावर बांधली आणि नुसत्या सदऱ्यावर गाडी हाकली. तापीचा पूल ओलांडल्यावर उष्णतेचा काटा हलला, जाळीतून कोमट वारा आला. तोवर माझ्या मांडीवरची मुलगी गार पडत चालली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

दवाखान्याच्या फाटकाशी भाऊ उभे होते. त्यांनी काही विचारायच्या आत मी म्हणाले, “तुमच्या व्हॉलने मारलं तिला.” असं बोलले मी. ते खाली बघत राहिले.

तासाभराने तिथल्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, की मुलीची फुप्फुसं तयारच झाली नव्हती. कितीही उबेत आणली असती तरी ती वाचली नसती. मी ऐकलं, मान डोलावली आणि परतीच्या वाटेवर भाऊंच्या शेजारी बसून चोपड्यापर्यंत एक अक्षर बोलले नाही. का, ते आज लिहिते. प्रसूतिगृहातच राहिलेली ती दुसरी पिशवी मला टोचत होती. चूक त्यांच्या हातात होती तोवर माझे हात मोकळे होते.

आठवड्याने भाऊ धुळ्याहून नवा व्हॉल घेऊन आले. आमची अवजारं उकळायच्या पातेल्यात त्यांनी तो सोडला आणि मला बोलावलं. “पाहा सिस्टर. पानी गार शे तोपर्यंत हाऊ तोंड उघडस नही. तापनं का मंग उघडस.” पाणी कढायला लागलं तशी मधली चकती हळूहळू उचलली गेली. भाऊ माझ्याकडे बघत होते. माफी मागायची त्यांची ती पद्धत होती, हे मला तेव्हाही कळत होतं. “बरं,” मी म्हणाले आणि वॉर्डात निघून गेले. पुढच्याच वर्षी माझी धुळ्याला बदली झाली. सणावारी भाऊंचं पत्र यायचं, मीही खुशाली कळवायचे. ती एक ओळ मात्र कधी लिहिली नाही. भेटल्यावर सांगू, असं म्हणत राहिले...

गेल्या रविवारी चोपड्याला जाऊन आले. भाऊंच्या पत्नी, सुमनवहिनी, ओट्यावर बसल्या होत्या. आत पाळण्यात महिन्याभराचा नातू. बोलता बोलता त्या उठल्या, दुपटं वर करून त्याचे तळपाय आपल्या गालाला लावून पाहिले आणि परत झाकले. म्हणाल्या, हे भाऊंचं काम होतं. घरात, गल्लीत, कोणाकडेही मूल झालं की थंडीभर रोज सकाळी जाऊन पाय गरम आहेत का पाहून यायचे. लोक हसायचे. जायच्या आदल्या दिवशीही पाळणा खाटेजवळ ओढून घेतला होता.

मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. फुप्फुसांचं, डॉक्टरांचं. भाऊंची काहीच चूक नव्हती, हेही. वहिनी ऐकत होत्या. पाळण्याची दोरी त्यांच्या हातात तशीच थांबली होती.

“हाई तुमले कधी समजनं, सिस्टर?”

“त्याच दिवशी,” मी म्हणाले.

वहिनींनी दोरी सोडली आणि पुन्हा बाळाचे पाय चाचपले.