कोरान्नाचं मडकं

लातूरहून बसूचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला तो शेजारच्यांकडे. मी हातातली भाजी तशीच टाकून गेले. "काकू गेली, ताई. सकाळी," एवढंच तो म्हणाला, आणि मग तारेतून नुसता खरखराट येत राहिला. नांदेडहून मिळेल ती एसटी धरून मी पोचले तेव्हा तिला बसवलं होतं. आम्हा लिंगायतांत माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. कपाळभर विभूती, हातात लिंग, मान किंचित कललेली. कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखी दिसत होती… मातीला आलेली माणसं परतताना एकमेकांना सांगत होती, नागम्मा लई देवभोळी बाई, अशी भक्ती आता बघायला मिळणार न्हाई. बसू हात जोडून मान हलवत होता. ती जागा बोलायची नव्हती. आता महिना होत आला, तर लिहिते.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. माझे वडील दुकानाच्या पाटीवरचं स्वतःचं नावसुद्धा जुळवून जुळवून वाचायचे. हे मी मान वर करून सांगते, लाजण्यासारखं त्यात काही नाही. स्मृतिलेख लिहायचा म्हणजे मेलेल्या माणसानं आपल्याला घडवलं असं लिहायची पद्धत आहे. काकूनं मला घडवलं नाही. ती माझ्या शिकण्याच्या उघड विरोधात होती. "लई शिकलेल्या पोरीला चुलीपुढं बसवत न्हाई," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, आणि मी आतून ओरडायची, "म्हणूनच शिकतेय मी." ती माझी सख्खी चुलती, धाकट्या काकांची बायको. माहेर भालकीकडचं, त्यामुळे रागावली की कानडीत जायची आणि माया आली की मला "अव्वा", म्हणजे आई, म्हणायची. तिला मूलबाळ नव्हतं. आमच्या आईला ती अक्का म्हणे, आणि आईचा एक शब्द खाली पडू देत नसे. एकदाच पडू दिला. ते साल गडबडीचं.

आमच्याकडे त्या सालाला अजून गडबडीचं सालच म्हणतात. निजामाचं राज्य जाऊ की राहू करत होतं. आमचं गाव उदगीर-देगलूर रस्त्यापासून आत, आणि त्यात आमचं किराण्याचं लहानसं दुकान. सरकारी लेव्हीनं, सक्तीच्या धान्यवसुलीनं, दुकानातला आणि शेतावरचा गल्ला नेला होता. रात्री-बेरात्री गावात शिरून माणसं उचलण्याच्या, घरं पेटवण्याच्या बातम्या रोज येत. तरण्या पुरुषांनी सरहद्दीपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात निघून जायचं असं ठरलं, आणि एका दुपारी वडील आणि काका शेतावर जातो म्हणून गेले ते गेलेच. पुढं आळीतली बायकामुलंही एकेक करून नातेवाइकांकडे निघाली. आईला मात्र हलता येईना. बसू नुकताच झालेला, अंगावर ताप, पायावर सूज. काकूला माहेरचं बोलावणं आलं होतं, बैलगाडीसुद्धा आली होती. तिनं गाडी परत पाठवली. "अक्काला सोडून मी भालकीला जाऊन काय करू, म्हशी राखू?" म्हणाली.

पण एक सांगायला पाहिजे. ही वेळ येणार हे तिनं फार आधी ओळखलं होतं. वडील म्हणायचे, सरकार सरकारशी भांडेल, आपल्याला काय. ती म्हणायची, सरकार भांडलं तरी पोट आपलंच हाय. हातात पैसा नव्हता, म्हणून ज्वारी निघाल्यावर ती दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचायला जाऊ लागली, कापणी झाल्यावर मागं राहिलेली कणसं. दुकानदाराची सून सरवा वेचते म्हणून गावानं तिला नावं ठेवली, आणि आईलाही ते लागलं. काकू खळ्याखळ्यावर जाऊन मातेरंसुद्धा मागून आणायची. ते माती मिसळलेले दाणे परसात बसून पाखडायची, धुवायची, वाळवायची. मला सोबत घ्यायची. अंबाडीचा पाला, तरोट्याचा पाला, चिंचा, जे रानात फुकट मिळे ते सगळं पत्र्यावर वाळत पडलेलं असे. आणि तिचा एक नियम होता. जे साठवायचं ते चूल न पेटवता खाता आलं पाहिजे. "धूर दिसला की माणूस दिसतं," ती म्हणायची. म्हणून आळीत अजून सगळ्यांच्या चुली पेटत होत्या तेव्हाच तिनं हुलगे भाजून ठेवले, ज्वारीच्या लाह्या करून त्यांचं पीठ केलं, भाकरी उन्हात कडक करून फडक्यात बांधल्या. हे सगळं भिंतीतल्या बळदात गेलं. बळद म्हणजे दोन भिंतींच्या मधे धान्यासाठी ठेवलेली पोकळी. तिचं तोंड तिनं शेणामातीनं लिंपलं, वर देवाची तसबीर टांगली. बाहेरच्याला कळलं नसतं.

बळदाबाहेर एकच मडकं राहिलं, जात्याशेजारी. ते कोरान्नाचं. आमच्याकडे दर सोमवारी मठाचे स्वामी झोळी घेऊन दारी यायचे आणि "धर्म कोरान्न भिक्षा" म्हणून उभे राहायचे. कोरान्न म्हणजे कोरडा शिधा. त्यासाठी रोज दळायला बसण्याआधी मूठभर दाणे त्या मडक्यात टाकायचे, आणि मग जात्याला हात लावायचा. एकदा मूठ मडक्यात पडली की ते धान्य घरचं राहत नाही. स्वामींचं होतं, ते फक्त आपल्याकडे ठेवलेलं असतं. रस्ते बंद झाले तसं स्वामींचं येणं थांबलं. काकूची मूठ थांबली नाही. जात्याचा आवाज नको म्हणून दळणं बंद केलं, तरी लाह्या करून उरलेल्या थोड्या ज्वारीतून रोज सकाळी ती मूठभर काढायची, डोळे मिटायची आणि मडक्यात टाकायची. मडकं भरलं, तेव्हा तिनं दुसरं मांडलं; होती नव्हती ती ज्वारी अशी मडक्यांत गेली.

पुढचं दार आतून लावून आम्ही राहू लागलो. आई, काकू, मी, माझ्या पाठची गंगू आणि तान्हा बसू. परसात आड होता म्हणून पाणी तरी होतं. आधी सगळं काकूच्या हिशेबानं चाललं. लाह्यापीठ पाण्यात कालवून, वर चिंचेचं बोट. मग श्रावणाची झड लागली. भिंत पाझरली, बळदात ओल शिरली, आणि फडकं सोडलं तर आतल्या भाकऱ्यांना हिरवी केसाळ बुरशी. काकूनं त्या पुसल्या, दगडावर घासल्या, आधी स्वतः खाऊन बघितल्या. तिला रात्रभर उलट्या झाल्या. लाह्यापीठही संपलं होतं, हुलगे राहिले तेवढेच. ते चावायला गंगूला दात पुरेनात, म्हणून मी चावून तिच्या तोंडात द्यायची. चार वर्षांची पोर. सुरुवातीला रडायची. आम्ही तिच्या तोंडावर पदर धरायचो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पुढं रडायची थांबली, ते आम्हाला आधी बरंच वाटलं…

गंगूला हगवण लागली तेव्हा आई भिंतीला धरून उठली आणि मडक्याजवळ जाऊन बसली. तिला पेज करून द्यायची होती. काकू आडवी आली. ते आपलं न्हाई अक्का, म्हणाली. आईनं पाया पडून मागितलं. थोरल्या जावेनं धाकटीच्या पाया पडणं आमच्यात होत नाही, ते मी डोळ्यांनी बघितलं. काकूचा चेहरा पांढरा झाला होता, पण ती हलली नाही. तिचं म्हणणं असं होतं की सोमवार दोन दिवसांवर आहे, श्रावणातला सोमवार आहे, त्या सोमवारी स्वामी कधी चुकले नाहीत. ते येतील, आपण झोळीत घालू, आणि त्यांच्याच हातून प्रसाद म्हणून मागून घेऊ. मग ते खाता येईल. आज हात लावला तर स्वामींच्या तोंडचं चोरलं असं होईल, आणि ते पोरीच्या अंगाला लागणार नाही, उलट बाधेल. हे ती कपटानं बोलत नव्हती. तिला तसंच वाटत होतं. त्या घरात तसंच शिकवलेलं होतं, आईलाही.

आई खाली बसली आणि म्हणाली, "तुला लेकरू असतं नागम्मा, तर तू सोमवार बघितला नसतास."

काकूनं गंगूला आईजवळून उचललं. तिला मांडीवर घेऊन ती सोमवारची वाट बघत बसली. तिच्या ओठांना पाणी लावत होती, आणि कानडीत काहीतरी हळूहळू गुणगुणत होती.

सोमवार उजाडायच्या आत गंगू गेली.

तिला बाहेर कुठं नेणार? परसात, आडापासून लांब, लिंबाच्या झाडाखाली काकूनं आणि मी खड्डा केला. माती ओली होती, हातानं निघत होती. बसवून ठेवायची रीत, तीही नीट झाली नाही… गंगू एका बाजूला झुकत होती, आणि काकू पुन्हा पुन्हा तिला सरळ करत होती. आई दारातून बघत होती.

मग काकूनं आडावर अंघोळ केली. ओल्या लुगड्यानं घरात आली, कपाळाला विभूती लावली, फडक्याला गाठी मारून झोळी केली आणि ती खांद्याला अडकवून परसदारानं बाहेर पडली. ती कुठं चालली ते आम्हाला कळेना. थोड्या वेळानं पुढच्या दाराबाहेर, उघड्या रस्त्यावर, जिथं कितीतरी दिवसांत आमच्यापैकी कुणी पाऊल टाकलं नव्हतं, तिथून तिचा आवाज आला. मोठ्यानं, स्वामी म्हणायचे तसाच.

"धर्म कोरान्न भिक्षा."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "दार उघड." मी अडसर काढला. काकू झोळी पसरून उभी होती, नजर खाली. मला ओळखत नसल्यासारखी. मी मडकं उचलून आणलं आणि तिच्या झोळीत उपडं केलं. ज्वारी, त्यात कुठं बाजरी, कुठं तुरीचा दाणा, ज्या दिवशी जे दळायचं होतं ते. दुसरं मडकंही ओतलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा स्वामी ठेवायचे. मग उंबरा ओलांडून आत आली, झोळी आईपुढं ठेवली आणि म्हणाली, "प्रसाद हाय अक्का. घे."

आणि तिनं चूल पेटवली. भर सकाळी, दार सताड उघडं. धूर कौलांतून वर गेला. मी घाबरून दार लावायला गेले तर म्हणाली, राहू दे, आता कुणाला लपवायचं. कण्या शिजत होत्या तेव्हा मी रस्त्याकडे बघितलं. समोरच्या ओळीतल्या एका घराच्या कौलांतून बारीक धूर निघत होता. ते घर रिकामं आहे असं आम्ही इतके दिवस समजत होतो. तिथली म्हातारीही आम्हाला गेलेलंच समजत होती… ती दुपारी काठी टेकत आली. तिच्या ओच्यात वाळली अंबाडी आणि गुळाचा खडा होता.

त्या धान्यावर आम्ही तगलो. आईला पुन्हा दूध आलं, बसू वाचला. राज्य बदललं, पुरुष परत आले, दुकान उघडलं. वडिलांनी अंगणात उभं राहून विचारलं, गंगू कुठाय? आईनं लिंबाकडे बोट केलं. स्वामी त्या श्रावणातच कुठं तरी रस्त्यात गेले होते, ते नंतर कळलं. आई आणि काकू पुढं कितीतरी वर्षं एका घरात राहिल्या, एका चुलीवर जेवल्या. त्या दोघींनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. मी काढली असती, पण मलाही धीर झाला नाही. बी.ए. होऊनही झाला नाही.

त्या दिवसापासून काकू स्वतःच्या हातानं वाढून घेत नसे. स्वयंपाक तिनंच करायचा, पण जेवायच्या वेळी ती उंबऱ्याबाहेर ताट घेऊन बसायची, आणि कुणी वाढलं तरच खायची. कुणाच्या लक्षात नाही आलं तर तशीच उठायची. आम्ही समजत होतो, स्वामींचं धान्य खाल्लं, झोळी एकदा खांद्याला लावली, त्याचं ती प्रायश्चित्त घेते. सगळ्या पै-पाहुण्यांत तिच्या भक्तीचं कौतुक होतं ते याच्यामुळं.

यंदा संक्रांतीला मी लातूरला गेले होते. तिला आता नीट दिसत नव्हतं. बाकी घर झोपलं होतं दुपारचं, ती आणि मी उंबऱ्याशी. मी म्हटलं, "काकू, आता पुरे कर की हे. स्वामींचं खाल्लंस त्याला किती वर्षं झाली. देवानं माफ केलं असेल."

तिनं माझ्या आवाजाकडे मान वळवली.

"स्वामींचं खाल्लं म्हणून न्हाई गं अव्वा," ती म्हणाली. "उशिरा खाल्लं म्हणून."

मग तिनं विचारलं की लिंबाचं झाड अजून हाय का. गावचं घर विकून कैक वर्षं झाली होती. मी म्हटलं, आहे. ते खरं की खोटं, मला माहीत नाही.

देवभोळी म्हणणाऱ्यांना मी काय सांगायचं होतं? की ती देवाशी त्या सकाळीच भांडून मोकळी झाली होती, पण स्वतःशी मरेपर्यंत झाली नाही? ते त्यांना खरं वाटलं नसतं.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी जंगमांना, आमच्या पुरोहितांना, जेवू घालून झालं, पाहुणे पांगले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नांदेडला निघायची म्हणून सुमन, बसूची बायको, सकाळीच भाकरी थापत होती. उंबऱ्याबाहेर काकूच्या जागेवर बसूची नात येऊन बसली, झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले, रिकामी ताटली मांडीवर घेऊन. सुमननं तव्यावरची भाकरी तशीच उचलली, फुगलीसुद्धा नव्हती, आणि तिच्या ताटलीत टाकली.

"कच्ची आहे गं ती," मी म्हटलं.

"असू द्या ताई," सुमन म्हणाली. "खात राहील, तोवर दुसरी होईल."