पहिल्या कप्प्यातला नंबर

शेलूबाजारच्या फाट्यावर पुण्याची ट्रॅव्हल्स थांबते, तिथं माय आणि मी उभ्या होतो. ऊन कललं होतं. आसेगावहून आम्हाला घेऊन आलेला जीपवाला बॅगा उतरवून जरा बाजूला थांबला होता, कारण मायला त्याच्याच गाडीत परत जायचं होतं. सकाळी घरी बुद्धवंदना झाली, शेजारपाजारचे भेटून गेले, तिखट-लोणचं बांधून झालं. बोलायचं काही उरलं नव्हतं, म्हणून आम्ही दोघी रस्त्याकडे पाहत होतो. पुणं मला नवं नव्हतं. शिकले तिथंच, पहिली नोकरीही तिथंच. पण या वेळी पुण्याहून मुंबई, मुंबईहून विमान आणि पुढं टांझानियातलं दार-ए-सलाम होतं.

गाडीचं तोंड दिसलं तशी माय म्हणाली, "कपडे बदलजो, खानं बदलजो, तिकडच्यावानी राहाजो. फक्त नंबर बदलू नको. मले तेवढाच पाठ हाये."

मी हो म्हटलं. खिडकीतून पाहिलं तर ती जीपकडे निघालीही होती. रडत उभं राहणाऱ्यातली ती नाही. माझे बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून वावर, घर आणि मी, तिन्ही तिनं एकटीनं सांभाळलं.

माझं काम धान्य निवडायच्या यंत्रांचं आहे. तुरीतला खडा, काळा दाणा, किडका दाणा हे यंत्र कॅमेऱ्यानं ओळखून बाजूला उडवतं. ते नवीन कारखान्यात बसवायचं, चालू करून द्यायचं आणि तिथल्या माणसांना शिकवायचं. पूर्व आफ्रिकेत तूर चिक्कार पिकते, आणि त्यातली बरीचशी जहाजानं आपल्याकडेच येते. हे मायला सांगितलं तेव्हा ती हसली. "तूर पाहाले इतक्या दूर कायले जातं? आपल्या वावरात नाही काय?"

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना वाटत असेल, परदेशात फोनचं काय एवढं, खिशात असतोच. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना माहीत आहे. विमानतळावर उतरलं की आधी पाणी नाही, सिम शोधायचं. रोमिंग चालू ठेवून दोन दिवस इंटरनेट वापरलं तर पगाराला भोक पडतं. म्हणून फोन एकच, पण त्यात कप्पे दोन. पहिल्या कप्प्यात आपला इकडचा नंबर, डेटा बंद करून, नुसता जागा. दुसऱ्या कप्प्यात ज्या देशात असू त्या देशाचं कार्ड. टांझानियात एक, मलावीत दुसरं, मोझांबिकमध्ये तिसरं. सीमेवरच्या नाक्यावर पासपोर्टावर शिक्का पडला की मी कानातल्याच्या आकड्यानं तो इवलासा ट्रे बाहेर काढायची, जुनं कार्ड पासपोर्टाच्या कव्हरात आणि नवं फोनात. सुरुवातीला कार्ड बोटांतून निसटून खाली पडायचं. पुढं पुढं धावत्या बसमध्येही जमायला लागलं. प्रत्येक देशात सेटिंग वेगळं, बॅलन्स बघायचे आकडे वेगळे, कंपनीच्या रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज वेगळा. स्वाहिलीत ती बाई इतक्या गोडीनं "बॅलन्स संपला" सांगते की राग येत नाही.

मायकडं साधा बटणांचा फोन होता. तिच्या फोनवरून परदेशात लागत नसे, म्हणून ती माझ्या त्या पाठ असलेल्या नंबरवर मिस कॉल द्यायची. तो पहिल्या कप्प्यात वाजायचा. मी उचलायची नाही, कापायची, आणि दुसऱ्या कप्प्यातून तिला लावायची. तिच्या फोनवर कधी टांझानियाचा आकडा दिसे, कधी मलावीचा. ते तिला आवडायचं नाही. शेवटी गावात दोन-तीन जणांना बँकेच्या नावानं फोन करून कोणीतरी लुबाडलं, आणि मीच तिला बजावलं की अनोळखी नंबर उचलूच नकोस. मग आमचं ठरलं. तिचा मिस कॉल आला की लगेच जो बाहेरचा नंबर वाजेल तो माझा. बाकी सगळे कापायचे. ती मन लावून कापायची.

असं बरेच महिने सुरळीत चाललं. मी दार-ए-सलाममध्ये खोली घेतली, बाजारात घासाघीस करायला शिकले, तुरीला तिथं 'म्बाझी' म्हणतात आणि नारळाच्या दुधात शिजवतात हे कळलं, आवडूही लागलं. आपल्या फोडणीच्या वरणाची आठवण यायची, पण ती आता पूर्वीसारखी टोचायची नाही.

मग मोझांबिकच्या उत्तरेत एका कारखान्याचं काम आलं. गाव समुद्रापासून आत. यंत्र बसवून झालं, चाचणी चालू होती आणि किनाऱ्यावर वादळ येणार अशी बातमी आली. आत येईपर्यंत त्याचा जोर ओसरेल, असं सगळे म्हणत होते. ओसरला नाही. कारखान्याचे पत्रे उडाले, झाडं आडवी झाली, आम्ही गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे बसून राहिलो. कोणाला इजा झाली नाही. पण वारा थांबला तेव्हा वीज गेलेली, रस्ता तुटलेला आणि माझा फोन खिशातच भिजलेला होता.

तांदळाच्या डब्यात ठेवून तो वाळवला. चालू झाला, तेव्हा मी त्याचं चुंबन घेतलं, हे लिहायला लाज वाटत नाही. मात्र दुसरा कप्पा गेला होता. त्यात कुठलंही कार्ड घातलं तरी फोन म्हणायचा, कार्ड नाही. पहिला कप्पा शाबूत होता, पण त्यातल्या आपल्या नंबरला जिथं रोमिंग मिळायचं ते टॉवरच पडले होते.

कारखान्यातली माणसं आपापल्या घरांची खबर घ्यायला गेली. मी बाजाराकडं चालत निघाले. तिथं चिखलात छत्री रोवून एक बाई सिमकार्डं विकत बसली होती, समोर मोठी रांग. तिच्याकडून कळलं की एकाच कंपनीचा टॉवर उभा आहे, टेकडीवरचा. मी त्या कंपनीचं कार्ड घेतलं. तिनं पासपोर्टचा फोटो काढला, नाव नोंदवलं आणि ट्रे उघडायला हात पुढं केला. मी फोन मागं ओढला.

कार्ड घालायचं तर पहिल्याच कप्प्यात घालावं लागणार होतं. तिथलं आपलं कार्ड मी कधीच बाहेर काढलं नव्हतं. किती देश झाले, किती कार्डं बदलली, ते जागचं हललं नव्हतं. ते काढलं आणि नेमकं तेव्हाच कुठं नेटवर्क परत आलं, मायचा मिस कॉल आला, तर मला कळणारही नाही. आणि न काढलं तर मी जिवंत आहे हे तिला कळणार नाही. ती बाई माझ्याकडे पाहत होती. रांगेतली माणसंही. कोणी घाई केली नाही. मी कानातलं काढलं, ट्रे उघडला, आपलं कार्ड पासपोर्टाच्या कव्हरात ठेवलं आणि नवं बसवलं. सिग्नलच्या दोन काड्या आल्या.

मायला लावला. वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिस कॉल आलेला नाही, नंबर अनोळखी, म्हणजे माय माझंच सांगणं तंतोतंत पाळत होती. मी तिसऱ्यांदा लावला. या वेळी फोन उचलला गेला, आणि मी तोंड उघडायच्या आत पलीकडून सुरू झालं.

"कोन हायेस रे तू? काहून तरास देऊन राह्यला? माही पोरगी तिकडं वादळात सापडली, तिचा फोन लागून नाही राह्यला, आन तुले माहा बँकेचा नंबर पायजे? लाज नाही वाटत? तुले माय-बहीण हाये का नाही?"

"माय, मीच आहे."

"आवाज काढू नको तिचा! मले सारं माईत हाये. मशीननं आवाज काढतेत तुमी लोकं."

हेही मीच कधीतरी तिला सांगितलं होतं. मी भर बाजारात, चिखलात उभी राहून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. म्हटलं, "माय, काहीही विचार. मी सांगते."

मग तिनं विचारलं, "नववीत असतानी तू शाळेतून रडत आल्ती. कायले?"

"गणितात पैकीच्या पैकी मिळाले, आणि दाखवायला बाबा नव्हते म्हणून."

मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "लागलं तर नाही ना तुले कुठी?"

"नाही."

"जेवली?"

"जेवते आता."

"मंग जेव आधी. हा नंबर तुहाच हाये ना? थांब, लिहून घेतो."

तिनं तो लांबलचक आकडा माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. मागून शोभाकाकूचा, आमच्या शेजारणीचा, आवाज येत होता. वादळाची बातमी काकूनंच आपल्या मोबाईलवर तिला दाखवली होती. तेव्हापासून माय माझा नंबर लावत होती, आणि काकू तिच्या शेजारून उठली नव्हती.

रस्ता सुरू झाल्यावर मी दार-ए-सलामला परतले. कंपनीनं विचारलं, भारतात बदली हवी का? पुण्यातल्या ऑफिसात जागा होती. मी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटलं. काम मला येतं, माणसं ओळखीची झालीत, आणि सहा महिन्यांनी नवीन कारखान्याची जबाबदारी माझ्याकडं येणार होती. मायला भीत भीत सांगितलं. ती म्हणाली, "मंग मलेच दाखव काय हाये तिकडं ते." तिचा पासपोर्ट निघायला जेवढा वेळ लागला, तेवढाच ती थांबली.

मागच्या हिवाळ्यात ती आली. सोयाबीन घरात आलं होतं, तूर अजून उभी होती, ती काकूच्या भरवशावर टाकून. विमानतळावर मी तिला सगळ्यात आधी सिमच्या काउंटरवर नेलं. तिच्याकडं आता स्वतःचा टचचा फोन होता, वादळानंतर तिनंच हट्टानं शेलूबाजारातून घेतलेला. इथं कार्ड घ्यायचं तर बोटाचा ठसा लागतो. तिचा अंगठा मशीन घेईना. इतकी वर्षं निंदण-खुरपण केलेला अंगठा तो, रेघा झिजलेल्या. काउंटरवरच्या मुलीनं ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसून पाहिलं आणि दर वेळी म्हणत राहिली, "पोले, मामा." म्हणजे माफ करा.

"मले मामा काहून म्हनते व हे?"

"इकडं आईला मामा म्हणतात."

मायनं त्या मुलीकडं नीट पाहिलं, मग उजव्या हाताची करंगळी स्वतःच पुढं केली. ती लागली. मुलीनं टाळी वाजवली.

कार्ड बसलं, नेटवर्क आलं. माय खुर्चीत टेकली आणि तिनं मालेगावच्या मावशीला, तिच्या धाकट्या बहिणीला, फोन लावला. मोठ्यानं, अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल असा.

"हाव, पोचली. हा माहा इकडचा नंबर, लिहून ठेव." मग मावशीनं काहीतरी विचारलं असावं. मायनं काचेबाहेर, टॅक्सीत बॅगा भरणाऱ्या लोकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुठी म्हंजे? घरीच हावो ना. पोरीच्या."