दुसऱ्या पातेल्यातली थंडाई

जर्मनीत गांजा कायदेशीर झाला तेव्हा डार्मश्टाटच्या आमच्या मराठी मंडळींत सगळ्यात मोठ्या आवाजात त्याची बाजू घेणारी मी होते. गप्प बसणं मला तसंही जमत नाही. "आता रस्त्यावरून चालायची सोय राहणार नाही," असं कुणी म्हणालं की मी तुटून पडायचे. बिअर ढोसून पडलेले चालतात, मग हे का नाही? मोठ्या माणसाने स्वतःचं स्वतः बघावं, सरकारने त्याच्या ताटात डोकावू नये, हे माझं ठाम मत. ते मी प्रत्येक चहाला ऐकवायचे. लोक कंटाळायचे, मला मात्र चेव यायचा.

नवऱ्याला मतांपेक्षा कामात रस. त्याने बाल्कनीत कायद्यात बसतील तेवढी तीन रोपं लावली आणि कुंडीतला ओलावा मोजायचं यंत्रही आणलं. मुलगी शिकायला बाहेरगावी, घरात लहान मूल नाही, तेव्हा सगळं नियमात होतं. स्वतःपुरतं ठेवा, दुसऱ्याला देऊ नका, हेही नियमात होतं. ते वाक्य मी वाचलं होतं. पण घरी आलेले पाहुणे म्हणजे 'दुसरे', हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

मागच्या धुळवडीनंतरच्या रविवारी आम्ही लोकांना दुपारी जेवायला बोलावलं. थंडाईची दोन पातेली केली. एक साधं, दुसऱ्यात बाल्कनीतली पानं वाटून घातलेली. त्यावर मी जर्मन शिस्तीने लाल चिठ्ठी चिकटवली, सगळ्यांना सांगितलं, आणि ज्यांना हवी त्यांनी हसत हसत घेतली.

चारच्या सुमाराला नवऱ्याचा मित्र निघाला. र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कंपनीत ब्रेकच्या चाचण्या करतो. अबोल आणि अतिशय भला माणूस. बायको माहेरी पुण्याला गेलेली, म्हणून एकटाच आला होता. सगळ्यांची ताटं वाढण्यात, उचलण्यात त्याने मला मदत केली आणि त्या गडबडीत त्याच्या हातात थंडाईचा पेलाच आला नव्हता. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा तो बूट घालत होता आणि साधं पातेलं रिकामं झालं होतं.

माझ्या घरून माणूस कोरड्या तोंडाने जाणार? मी दुसऱ्या पातेल्यातली अर्धा पेला घेतली, वर दूध ओतून पेला भरला आणि पुढे केला.

"नको वहिनी, मला गाडी चालवायची आहे."

"अहो, नुसतं दूध-बदाम आहे," मी म्हणाले. "घ्या बघू. माझी शपथ आहे."

इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. अर्ध्या पेल्याने काय होतंय, असं मनात होतं. त्याने उभ्या उभ्या पेला संपवला, "मस्त झाली आहे" म्हणाला आणि गेला.

वाटेत तो पेट्रोल भरायला आणि बाजूच्या टपरीवर कॉफी घ्यायला थांबला. पोटातून गेलेली ही गोष्ट सावकाश चढते. घराजवळच्या वळणावर सायकलवरून एक सत्तरीच्या बाई येत होत्या. त्या त्याला दिसल्या, पण ब्रेकवर पाय उशिरा पडला. बाई पडल्या. मनगट मोडलं, खांदा निखळला. पोलीस आले, त्याचं रक्त तपासलं, आणि मग फ्युररशाइन गेलं. ज्याचं काम गाडी चालवून पाहण्याचं, त्याचा परवानाच गेला. कंपनीने त्याला तात्पुरतं कागदपत्रांच्या कामाला बसवलं आणि पुढचं बघू म्हणून सांगितलं.

पोलिसांना त्याने एवढंच सांगितलं होतं, "मी माहीत असून प्यायलो." कुठे, कुणाकडे, हे सांगायला नकार दिला.

मी खरं सांगितलं असतं तर तो बराचसा सुटला असता. फसवून पाजलेल्या माणसाला कोण दोष देईल? पण माझा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता आणि गुन्ह्याची चौकशी मागे लागली की तो तिथेच अडकणार. तीन आठवडे मी तोंड उघडलं नाही. मी, जी कुठेही तोंड बंद ठेवत नाही. नवरा त्याच्या जर्मन सवयीने म्हणाला, "आल्झो, म्हणजे त्याने स्वतःच स्वतःवर घेतलंय ना? आता तू कशाला?" मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली.

शेवटी एका शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्याची बायको परतली होती. बसायच्या आधीच मी सांगून टाकलं की त्या पेल्यात नुसतं दूध-बदाम नव्हतं.

तो खाली बघत म्हणाला, "मला कळलं होतं, वहिनी. दुसऱ्या घोटालाच चव कळली."

"मग ठेवून का नाही दिलात?"

"तुम्ही शपथ घातलीत. तुमच्या हातात उष्टा पेला परत कसा देणार? म्हटलं, थोडीच आहे."

मला क्षणभर हलकं वाटलं, हे कबूल करते. म्हणजे त्याला माहीत होतं, म्हणजे मी एकटी नाही. तेवढ्यात त्याची बायको पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "तुम्हा दोघांना एकमेकांचं मन मोडवेना. पण त्या बाईंचा हात मोडला."

मी पाणी तसंच ठेवून उठले. तो काहीतरी समजुतीचं बोलत होता, पण माझ्या कानांवर काही जात नव्हतं.

सोमवारी सुट्टी घेऊन मी पोलिझायमध्ये गेले. समोरची अधिकारी माझ्या मुलीच्या वयाची असेल. माझा जबाब तिने शांतपणे टाइप करून घेतला. रोपं, दोन पातेली, चिठ्ठी, सगळं. नागरिकत्वाचं काय होईल ते मी तिला विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती आणि अजून वाटते. नागरिकत्वाच्या कार्यालयाकडून अजून काहीच पत्र आलेलं नाही.

शेवटी तिने विचारलं, "गाडी चालवायची आहे, असं ते तुम्हाला म्हणाले होते?"

"हो."

"गडबडीत तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल?"

ती मला वाट काढून देत होती, की नुसती खात्री करून घेत होती, कोण जाणे.

"आलं होतं," मी म्हणाले. "स्वच्छ ऐकू आलं होतं."