मुलीच्या जागेवर बसलेली मीठवाली

नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला अख्ख्या पेणमध्ये शाळेवर सगळ्यात जास्त जीव कुणाचा असेल, तर तो आमच्या मीठवालीचा. आणि ती स्वतः शाळेत एक दिवसही गेलेली नव्हती. खाडीकडच्या मिठागरावरून डोक्यावर टोपली घेऊन ती आमच्या आळीत यायची, पण मीठ मापण्याआधी घरातल्या पोराला पाढा म्हणायला लावायची. माझे वडील कचेरीत कारकून. त्यांनाही तिने एकदा दारात अडवलं. "भाऊ, एकोणतीस सत्ते किती?" वडील अडखळले. "माझी पोरगी झोपेत सांगते," ती समाधानाने म्हणाली आणि मूठभर मीठ वर घातलं.

पोरगी खरंच हुशार होती. त्यांच्या गावची शाळा चौथीला संपली, तेव्हा मीठवालीने तिला पेणला माझ्याच वर्गात, पाचवीत घातलं. गावापर्यंत एसटी नव्हती. दोघी पहाटे बांधावरून चालत निघायच्या. मुलगी वर्गात शिरली की ही खिडकीखाली टोपली ठेवून धडा ऐकत बसायची. गुरुजींच्या प्रश्नाला आम्ही गप्प राहिलो की उत्तर खिडकीखालून यायचं. "बाई, तुमचं नाव पटावर नाही," गुरुजी वैतागायचे. "मग घाला ना," ती म्हणायची.

दिवाळीनंतर मिठागरं सुरू झाली. नवऱ्याच्या पायाच्या जखमा खाऱ्या पाण्याने चिघळल्या आणि तो घरी बसला. त्याच्या जागी ही कामाला लागली. घर आणि तान्हा भाऊ मुलीकडे आले. तेव्हापासून मीठवाली फक्त बाजाराच्या दिवशी पेणला यायची. पहिल्याच खेपेला ती सरळ वर्गात आली आणि माझ्या शेजारी, मुलीच्या जागेवर बसली.

"तिचं नाव कापू नका गुरुजी. हजेरीला मी हाय. घरी जाऊन तिला सांगेन."

वर्ग हसला. मीही हसले. हजेरीत मुलीचं नाव आलं तशी ती "हजर" म्हणाली. गुरुजींनी पुढचं नाव घेतलं.

असे चार बाजार झाले. पाचव्या वेळी गुरुजींनी दारातच तिच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवला. त्यांचाही नाइलाज असावा. तिने तो मला वाचायला लावला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून'.

"मी कवा केली गो विनंती?"

तिने कागद जपून पदराला बांधला. "अक्षर बरं हाय गुरुजींचं," म्हणाली आणि गेली.

त्याच उन्हाळ्यात वडिलांची बदली रोह्याला झाली, आणि जूनमध्ये शाळेच्या पहिल्याच दिवशी तिथल्या पटावर माझं नाव लागलं. मीठवाली पुन्हा भेटली नाही. त्या वर्गातल्या बहुतेक मुलींची नावं मी विसरले आहे. तिच्या मुलीचं मात्र आठवतं.