निळ्या बाटलीचं एक झाकण जास्त

"पान पिवळं दिसलं की युरिया टाकायचा, कारण विचारायचं नाही."

हा आमच्या घरचा कायदा. लहानपणी मी एकदा "पण का?" असं विचारलं, तर भाऊकाकांनी मला भाताच्या बांधावरून थेट घरी पाठवलं होतं. आता ऐका, त्याच कायद्याशी भांडता भांडता मी स्वतः कशी तोंडावर आपटले ते. हसा खुशाल, फक्त चहा सांडू नका.

भिसेगावात आमचं घर. मागे भाताची कणगी ठेवायची खोली. कणगी गेली आणि खोली मी बळकावली. बॉटनी शिकलेय ना! तिथं दिव्यांच्या उजेडात, मातीशिवाय, नुसत्या खतपाण्याच्या टाकीवर बेझिल आणि लेट्यूस लावलं. म्हणजे तुळशीची विलायती बहीण आणि सॅलडचा पाला. आमच्याकडे फार्महाऊसं काय कमी आहेत? चौक गावाजवळच्या एका फार्महाऊसच्या मॅडम माल बघायला येणार होत्या. पसंत पडला, तर दर आठवड्याला टेंपो. नाही पडला, तर भाऊकाकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मंग खोली साजगावच्या कंपनीतल्या पोरांना भाड्यानं देनार. पाल्याला कशाला हवी गं सोतंत्र खोली?"

आधी मी त्या खोलीत सोडियमचे मोठे पिवळे दिवे लावले होते. नुसती भट्टी! ते काढून मी एलईडी लावले. पांढराशुभ्र, गार उजेड. मला वाटलं, आता झाडं नाचतील.

नाचतायत कसली! पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधलं पान पिवळं, जणू कुणी हिरव्या पेनानं रेघा मारल्यात.

"युरिया टाक," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील.

"अण्णा, हे भात नाही. इथं शास्त्र चालतं."

"मंग काय म्हनतं तुजं शास्त्र?"

"उजेड वाढला, भूक वाढली. खत वाढवायचं."

"मंजे युरियाच की!"

"युरिया नाही! ही निळी बाटली बघा. यात सगळं मापात असतं."

मी दिवसभर चौकच्या नर्सरीत कामाला. निघताना घाईघाईत अण्णा, काका आणि आई, तिघांनाही बजावलं, "पान पिवळं दिसलं की टाकीत या निळ्या बाटलीचं एक झाकण जास्त. कारण विचारत बसू नका, तुम्हाला कळायचं नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवलं.

पिवळेपणा जाईना. उलट पानांची टोकंसुद्धा करपली, चपातीची कड करपावी तशी! टाकीतल्या पाण्यात क्षार किती झालेत ते सांगणारा एक छोटा मीटर आहे माझ्याकडे. तो बुडवला, तर आकडा राजमाचीचा किल्ला चढायला निघाल्यासारखा वरवरच चाललेला!

झालं. माझं डोकं फिरलं. भाऊकाका पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"काका, तुम्ही टाकीत युरिया टाकलात!"

"मी? देवाशप्पथ नाय!"

"खोटं! मीटर सांगतोय."

"मंग इचार तुज्या मीटरला, माजं नाव घेतलंय का त्यानं?"

"मग एवढे क्षार आले कुठून?"

"मला काय म्हाईत? तू सांगितलंस तेवढंच टाकतो मी. एक झाकन. सकाळच्याला."

पेपरामागून अण्णांचं डोकं वर आलं. "तू सकाळी टाकतोस? अरं, मी दुपारी टाकतो. पिवळंच असतं."

आतून आईचा आवाज, "अगं बाय! मी दिवाबत्तीच्या टायमाला टाकते की रोज!"

आणि मी? मी नर्सरीतून आल्या आल्या टाकत होते.

आता सांगा, कुणाला ओरडू?

पण एक प्रश्न मला सोडेना. झाकणं नंतरची. मुळात पहिलं पान पिवळं पडलंच का? मी खोलीत जाऊन झाडांसमोर बसून राहिले. तेवढ्यात आई ओली साडी घेऊन आली. पावसाळ्यात ती माझ्या दिव्यांखाली कपडे वाळत घालायची, मी कितीही भांडले तरी.

"तुजे नवे दिवे निसते शोभेचे गं! आदी साडी कशी कडक वाळायची. आता बग, कालची अजून ओली हाय."

मी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. साडी वाळत नाही? मी पानाला हात लावला. गार!

अहो, म्हणजे पानंही वाळत नव्हती! जुन्या दिव्यांच्या धगीनं पानांतलं पाणी उडायचं, मग मुळं खालून पाणी ओढायची आणि त्या पाण्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम वर चढायचं. आता उजेड भरपूर, पण तहानच नाही. ते दोघं वर पोचणार कसे? आणि न प्यायलेल्या पाण्यात आम्ही चौघं पाळीपाळीनं झाकणं ओततोय!

टाकी रिकामी केली. मुळं साध्या पाण्यानं धुतली. खत पातळ केलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम तेवढं वेगळं, थोडंसं दिलं. उबेसाठी एक जुना दिवा परत टांगला. त्याच्याखाली लगेच आईची साडी आली. या वेळी चिमटा मीच लावला.

जुनी पानं काही सुधारली नाहीत, पण नवी हिरवीगार आली. मॅडम आल्या, एक पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाल्या, "गुरुवारी टेंपो पाठवू?" खोली वाचली!

त्या संध्याकाळी सगळे चहाला बसलो. भाऊकाका खुशीत होते.

"चला, ठरलं तर. दिव्याखालच्या झाडाला खत कमीच घालायचं. कारन इचारायचं नाय."

मी ताडकन उठले. "नाही! मी मानणार नाही! कमी का, ते विचारायचं. जास्त का, तेही विचारायचं. 'कारण विचारू नका' असं या घरात पुन्हा कुणी म्हणायचं नाही. असलं सांगतं तरी कोण हो?"

अण्णांनी काकांकडे बघितलं. काकांनी आईकडे. आईनं बशीत.

जिंकले! असं तुम्हालाही वाटलं ना? मलाही वाटलं, चहाचा एक घोट घेईपर्यंत.

मग काकांनी खिशातून त्या निळ्या बाटलीचं झाकण काढलं आणि माझ्या बशीत ठेवलं.